तान्हा पोळा

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना केळझर लागते. सेलू तालुक्यातले हे जुने गाव. येथील सिद्धिविनायकाची गणना विदर्भाच्या अष्टविनायकांत होते. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, असे म्हातारी माणसे सांगतात.

आपल्याकडे श्रावणी अमावस्येला पोळा असतो. त्या दिवशी खऱ्या बैलांचा मान. दुसरा दिवस पाडव्याचा, तो लेकरांचा. हाच तान्हा पोळा. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले (राज्यकाल १७८८ ते १८१६) यांनी तो सुरू केला, असे म्हणतात. जवळच्या सिंदी रेल्वेचे मोठमोठे लाकडी नंदी पाहायला तर दुरून लोक येतात. आता ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे झाले. पण लाकडी बैलांची रांग काही आखूड झाली नाही!

सकाळी मारबत गावाबाहेर जाते. (नागपूरची काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून.) मग दुपार कलली की पोरं सोंगे सजवू लागतात. चार वर्षांच्या शिवाजीची मिशी घामाने ओघळते. राधा कृष्णाचा हात सोडून आईकडे पळते. केळझरात भीम आणि बकासुर हवेतच. बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि वर एक माणूस लागे. भीमाने त्याला मारले, ते एकचक्रेतच. म्हणून काजळ फासलेला बकासुर दारी आला की बाया म्हणतात, "एवढा भात कुठून आणू रे बाबू?"

तोरणाखाली रांग लागते. मोठी माणसे झडत्या म्हणतात. 'हर हर महादेव' झाले की तोरण तुटते आणि पोरं नंदी ओढत घरोघर निघतात. रात्र अंधारी असते. चाकांची खडखड आधी ऐकू येते, सोंग मागून दिसते. बाया नंदीला ओवाळतात, पोरांच्या हातावर बोजारा ठेवतात. कुणी पैसे देते, कुणी खाऊ.

बक्षिसे मात्र बहुधा सर्वांत उंच नंदीला आणि भाड्याने आणलेल्या भारी पोशाखाला मिळतात. हे आम्हांस पटत नाही. नंदी बापाच्या पैशाने उंच होतो, त्यात लेकराचे काय? मजुराचे पोर मातीचा बैल घेऊन रांगेच्या शेवटी उभे असते. त्याच्याकडे पंच पाहतही नाहीत.

एका वर्षी पंचाचे काम आमच्याकडे आले. आम्ही प्रत्येकाला एवढेच विचारले, "तू कोण? आणि तू काय केलेस?" भरजरी शिवाजी गप्प राहिला. शेवटी आईचे जुने लुगडे नेसलेली एक पोरगी होती. बैल मातीचा, एक शिंग मोडलेले. ती म्हणाली, "मी सावित्रीबाई. मी पुण्यात पोरींची शाळा काढली, १८४८ साली." तिच्या हातातल्या पाटीवर नाव लिहिले होते. 'त्री' जरा वाकडा होता. आम्ही विचारले, कुणी लिहिले? पोरीने आईकडे बोट दाखवले. आई रात्रीच्या वर्गाला येत असे.

पहिले बक्षीस त्या पोरीला दिले. दोन पालक रुसले. एकाने तोंडावर विचारले, "गुरुजी, आमच्या नंदीत काय कमी होतं?" आम्ही म्हणालो, "नंदीत काही कमी नाही. पुढच्या वर्षी शिवाजीला त्याची गोष्ट सांगून पाठवा."