जत्रा स्वस्त, मुक्काम महाग
हायलँड गेम्सच्या शनिवार-रविवारचा हिशेब

मुलगा-सून एडिंबराला नोकरीला, नाहीतर लेक ग्लासगोला शिकायला. उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहायला गेलेल्या आईबाबांचे पहिले दहा-बारा दिवस किल्ले आणि म्युझियम बघण्यात जातात. मग एखाद्या गुरुवारी जेवताना विषय निघतो, "या शनिवारी गेम्सला जाऊया का? ऑफिसातले दोघं-तिघंही येतायत." बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती लागतील?"

उत्तर त्यांना वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. हायलँड गेम्स ही स्कॉटलंडची गावजत्रा. खेड्यातलं मैदान, दोरी बांधून आखलेला आखाडा, एका कोपऱ्यात बॅगपाइपची स्पर्धा, दुसऱ्या कोपऱ्यात लाकडी फळ्यांवर नाचणाऱ्या मुली, मधोमध ओंडके फेकणारे पैलवान आणि कडेने चहा-केकचे तंबू. तिकीट स्वस्त असतं. पैसे जातात ते जत्रेच्या आजूबाजूला. नेमके कुठे, ते पुढे मांडलं आहे.

(भाव ढोबळ आहेत आणि गावागणिक बदलतात. एक पौंड ११५ रुपयांचा धरला आहे. विमानभाडं आणि व्हिसा यात नाही.)

कुठली जत्रा, केव्हा

हंगाम मे ते सप्टेंबर. उन्हाळ्यातल्या जवळजवळ प्रत्येक शनिवारी कुठे ना कुठे गेम्स असतात, त्यामुळे तुमच्या सुट्टीला जुळणारी एखादी सापडतेच.

सिरीस (फाइफ परगणा): जूनचा शेवटचा शनिवार. प्रवेश मोफत. १३१४ च्या बॅनकबर्नच्या लढाईहून परतलेल्या गावकऱ्यांनी हे खेळ सुरू केले, असं गाव मानतं. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला माझी शिफारस हीच.

कोवाल (डनून): ऑगस्टअखेरचे गुरुवार ते शनिवार, १८९४ पासून. हायलँड नृत्याचं जागतिक अजिंक्यपद इथेच ठरतं. ग्लासगोहून गुरॉकपर्यंत रेल्वे, पुढे बोट. जाऊन-येऊन माणशी २० ते २५ पौंड.

लोनाख (स्ट्रॅथडन): ऑगस्टचा चौथा शनिवार. भाले घेऊन निघणारी गावकऱ्यांची मिरवणूक बघण्यासारखी असते.

ब्रेमार: सप्टेंबरचा पहिला शनिवार. राजघराणं हजेरी लावतं, म्हणून गर्दीही तशीच. बसायच्या जागा बऱ्याच आधी संपतात आणि आसपासच्या गावांत खोली मिळणं मुश्कील होतं. राजाला बघायचंच असेल तर जा. खेळ बघायचे असतील तर लहान गाव धरा.

पिटलॉक्री: सप्टेंबरचा दुसरा शनिवार. रेल्वे स्टेशन गावातच असल्याने गाडीवाचून अडत नाही.

लहान गावांत मोठ्यांना साधारण ८ ते १५ पौंड पडतात, मुलांना निम्मे किंवा त्याहून कमी. गाडी लावायचे पाचेक पौंड वेगळे. आखाड्याच्या दोरीला लागून गवतावर सतरंजी टाकली की जागेचे पैसे लागत नाहीत. काही दुकानदार कार्ड घेत नाहीत, तेव्हा ३०-४० पौंड रोख खिशात असू द्या.

पैसे वसूल होतात ते इथे

ओंडका फेकण्याचा खेळ म्हणजे केबर. ब्रेमारचा प्रसिद्ध ओंडका सुमारे ६ मीटर लांब आणि ६० किलो वजनाचा आहे. मदतनीस तो उभा करून देतात. खेळाडू खाली वाकतो, ओंडक्याच्या खालच्या टोकाखाली दोन्ही तळवे जुळवतो आणि ओंडका खांद्याला टेकवून उठतो. काही पावलं धावतो, थबकतो आणि हिसडा देऊन वर उडवतो. वरचं टोक जमिनीवर आपटलं पाहिजे आणि खालचं टोक त्यावरून पलीकडे पडलं पाहिजे. किती लांब फेकला याला गुणच नाहीत. खेळाडू घड्याळातल्या सहावर उभा आहे असं धरलं, तर ओंडका बरोबर बारावर पडायला हवा. हा नियम शेजारी बसलेल्या नातवाला आधीच सांगून ठेवा, मग तोच ओरडून "साडेअकरा!" असा निकाल देतो आणि तुमची दुपार मजेत जाते.

मुलांच्या शर्यतींत आयत्या वेळी नाव देता येतं. फी नसते किंवा अगदी किरकोळ असते. पाहुणा आहे म्हणून कोणी अडवत नाही. रस्सीखेचीला माणसं कमी पडली, तर बाबांनाही बोलावणं येऊ शकतं.

किल्ट: विकत, भाड्याने की राहू द्यायचा?

आधी एक भीती काढून टाकूया. गेम्सला किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुण्यांचा घागरा, घालून जावंच लागतं असं नाही. बरेचसे प्रेक्षक जीन्स आणि रेनकोटात असतात. "आपण मॅकडोनाल्ड नाही, आपल्याला चालेल का?" हाही प्रश्न नको. कुठला टार्टन, म्हणजे कुळाच्या चौकड्यांची नक्षी, कोणी घालावा याला कायद्याचं बंधन नाही. बाल्मोरल टार्टन तेवढा राजघराण्यासाठी राखीव मानतात. ब्लॅक वॉचसारखे टार्टन कुळाचा विचार न करता कुणीही घालतो.

खर्चाचं कारण कापडात आहे. खऱ्या किल्टला ८ वार लोकरी कापड लागतं, आपल्या नऊवारीपेक्षा वारभर कमी. ते मागच्या बाजूला चुण्या घालून हाताने शिवतात. चुण्या अशा बसवतात की चालताना उलगडल्या, तरी थांबल्यावर चौकड्यांची नक्षी पुन्हा जुळते. अशा किल्टची किंमत ४०० ते ७०० पौंड होते. वर सदरा-कोट, कमरेची चामडी थैली (स्पोरन), मोजे आणि बूट. एडिंबराच्या रॉयल माइलवर ३०-४० पौंडांत टांगलेला किल्ट बहुधा ॲक्रिलिकचा असतो. फोटोपुरता ठीक.

जावई किंवा मुलगा लग्नाकार्याला, पार्टीला पुन्हा पुन्हा घालणार असेल तर विकत घ्या. एकदाच घालायचा असेल तर अख्खा पोशाख ६० ते १०० पौंडांत भाड्याने मिळतो. माप देऊन दोन-तीन आठवडे आधी सांगून ठेवा, आणि अनामत किती, डाग पडला तर भरपाई किती, हे लेखी घ्या.

मोज्यात खोचायचा छोटा सुरा म्हणजे स्कीअन डू. तो विकत घेतलात तर परतताना चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत राहिला तर विमानतळावर जप्त होईल.

स्कॉटलंडमधल्या १७४५ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने १७४६ च्या कायद्याने डोंगराळ भागातल्या पुरुषांच्या या वेशावर बंदी घातली होती. ती १७८२ मध्ये उठली. म्हाताऱ्या माणसालाही तो वेश अभिमानाने घालताना बघाल, तेव्हा हे आठवा.

मुक्काम आणि प्रवास

बजेटचा मोठा घास इथे जातो. हॉस्टेलमध्ये एक खाट २५ ते ४० पौंड. बी-अँड-बी म्हणजे न्याहारीसकट घरगुती खोली, दोघांना ९० ते १४० पौंड. तंबूची जागा २० ते ३५ पौंड. गेम्सच्या आठवड्यात हेच दर वाढतात आणि पुष्कळ घरमालक किमान दोन रात्रींची अट घालतात. स्वस्त पर्याय म्हणजे गावापासून अर्ध्या-पाऊण तासावर, रेल्वेच्या मार्गावर राहणं. एडिंबरात राहणार असाल तर २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामावर पहिल्या पाच रात्रींसाठी ५ टक्के पर्यटक कर आहे. खोलीचा भाव विचारताना तो धरून सांगताहेत का, ते विचारा.

रेल्वेत फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घ्या. वर्षाची किंमत ३५ पौंड. मोठ्यांना एक तृतीयांश आणि ५ ते १५ वयाच्या मुलांना ६० टक्के सूट मिळते. जाऊन-येऊन भाडं मोठ्यांना ४० आणि मुलांना २० पौंड असेल, तर दोन मोठे आणि दोन मुलं यांचे १२० पौंड होतात. कार्डावर तेच सुमारे ७० होतात. कार्डाची किंमत मिळवूनही पहिल्याच फेरीत १५ पौंड वाचतात.

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या २२ वर्षांखालच्यांना आणि ६० वर्षांवरच्यांना पास काढल्यास बसप्रवास मोफत आहे. शिकायला गेलेल्या लेकीने तो काढलाय का, ते विचारा. पाहुण्यांना ही सवलत नाही.

भाड्याची गाडी शनिवार-रविवारला १०० ते १४० पौंड, पेट्रोल वेगळं. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते आणि भारतीय परवाना बारा महिने चालतो. मात्र मद्य घेऊन गाडी चालवण्याची मर्यादा इथे इंग्लंडपेक्षा कडक आहे. चालवणाऱ्याने थेंबही घेऊ नये, हेच बरं.

पोटोबा आणि किडे

मैदानावर बर्गर ७ ते ९ पौंड, फिश अँड चिप्स १० ते १४, नुसत्या चिप्स चारेक पौंड. मूळ हॅगिस मेंढीचं यकृत, हृदय आणि फुप्फुस ओटात शिजवून करतात. शाकाहारी मंडळींनी नाक मुरडू नये. मॅकस्वीन या खाटकाच्या दुकानाने १९८४ मध्ये मसूर, राजमा, ओट, गाजर आणि बिया घालून शाकाहारी हॅगिस काढलं. सुपरमार्केटात चार-पाच पौंडांत मिळतं. घरी परतून लिंबू पिळून खाल्लंत तर भरड्या उसळीची आठवण येईल. टॅब्लेट नावाची साखर-लोण्याची रवाळ वडी मात्र चाखाच. ती आपल्या बर्फीची लांबची बहीण.

घरून पोळी-भाजीचा डबा आणि पाण्याची बाटली नेली तर दिवसाचे ३०-४० पौंड वाचतात. जत्रेत सगळेच डबे उघडून बसतात, त्यामुळे संकोच नको. पबमध्ये मागितल्यास नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. दुकानांत मद्यविक्री सकाळी १० ते रात्री १० एवढीच.

मिज नावाचं चिलट दिसत नाही, पण चावतं. स्मिजसारखं मलम ७ ते ९ पौंडांना मिळतं. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट कामाचा.

संध्याकाळ: केली

शब्दाचं स्पेलिंग भलतंच आहे, पण उच्चार "केली". गावच्या हॉलमध्ये ॲकॉर्डियन आणि फिडलवर सगळ्यांनी मिळून नाचायचं. तिकीट ५ ते २० पौंड. नाच सुरू होण्याआधी एक जण पावलं समजावून सांगतो. डॅशिंग व्हाइट सार्जंट हा नाच तिघातिघांचा, म्हणून आजी, नात आणि सून एका ओळीत येतात. स्ट्रिप द विलोमध्ये जोडीदार हातोहात बदलतात. चुकलं तरी कोणी रागावत नाही, पुढचा हात धरून ओढून घेतात. आपल्या गरब्यासारखी दमछाक होते, तेव्हा बूट मऊ घाला. सगळ्या सुट्टीत कमी पैशांत जास्त ओळखी होतात त्या याच दोन तासांत.

इथे खिसा सांभाळा

"एक फूट जमीन घ्या आणि लेर्ड (जमीनदार) व्हा": ३०-४० पौंडांची ही भेट म्हणजे मौजेचा कागद आहे. अशा आठवणीपुरत्या तुकड्यांची स्कॉटलंडच्या जमीन नोंदवहीत नोंद होत नाही आणि त्यातून कुठलीही पदवी मिळत नाही.

"तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह": स्कॉटलंडमध्ये चिन्ह आडनावाचं नसतं, एका माणसाचं असतं. ते कुलचिन्हांचे अधिकारी लॉर्ड लायन यांच्या न्यायालयाकडून मिळतं.

हॅरिस ट्वीड: नावाला १९९३ च्या कायद्याचं संरक्षण आहे. आउटर हेब्रिडीज बेटांवर विणकरांनी स्वतःच्या घरी हातमागावर विणलेलं कापडच हे नाव लावू शकतं. आत गोल-क्रॉसचा शिक्का बघा.

व्हॅट परतावा: ग्रेट ब्रिटनच्या दुकानांत पर्यटकांना तो १ जानेवारी २०२१ पासून मिळत नाही. "एअरपोर्टवर परत मिळेल" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

कार्ड मशीनने "रुपये की पौंड?" विचारलं तर पौंड निवडा. रुपये निवडले तर दुकानाच्या बँकेचा चढा दर लागतो. स्कॉटिश बँकांच्या नोटा तिथेच संपवा. परत आल्यावर बदलून घेताना अडचण येऊ शकते.

सून किंवा जावई स्कॉटिश असेल तर एक चांगली भेट सुचवतो. स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर १८५५ पासूनच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी आहेत. सूची फुकट शोधता येते, मूळ नोंदीची प्रत दीड पौंडाला पडते. पणजोबांची सही असलेला कागद चौकटीत बसवून दिलात, तर चाळीस पौंडांच्या "जमिनी"पेक्षा त्याची किंमत जास्त.

दोन हिशेब (दोन मोठे, दोन मुलं)

एका दिवसाची सहल, एडिंबराहून सिरीस: प्रवेश ०, कूपरपर्यंत रेल्वे ६०, पुढे बस १२, डब्यावर वरखर्च २५, मुलांचे पाळणे-शर्यती १५. एकूण ११२ पौंड, सुमारे १३ हजार रुपये.

दोन रात्रींचा शनिवार-रविवार, ग्लासगोहून पिटलॉक्री: प्रवेश ३४, रेलकार्डासह रेल्वे १०५, चौघांची खोली २४०, जेवणखाण १५०, केली ३६, मुलांची मौज ३०, मलम १०. एकूण ६०५ पौंड, सुमारे ७० हजार रुपये. एका पोशाखाचं भाडं त्यावर ८० पौंड.

दुसऱ्या हिशेबात जत्रेच्या तिकिटाचा वाटा शंभरातले सहासुद्धा नाही, खोलीचा मात्र चाळीस. तेव्हा क्रम असा ठेवा: तारीख ठरली की आधी खोली, मग रेल्वे, मग जत्रेचं तिकीट. किल्ट सगळ्यात शेवटी. मुलाच्या किंवा मित्राच्या घरी गादी टाकायला जागा मिळाली, तर मात्र हा सगळा हिशेब साठ टक्क्यांवर येतो.