निजाम गेला, परवानगी राहिली

1. मराठवाडा देशानंतर तेरा महिन्यांनी, 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या राजवटीतून सुटला. इतिहास शिकवताना पोरांना लढाईच हवी असायची: निजामाचे रझाकार, उमरीच्या बँकेची लूट, भारतीय फौजेची पोलीस ॲक्शन. मी मात्र निजाम सरकारच्या गश्ती निशाण 53 पासून सुरुवात करायचो. त्या फतव्यामुळे जाहीर सभेला आधी सरकारची परवानगी लागे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर 1938 मध्ये, ती रीतसर उभी राहण्याआधीच बंदी आली. त्या ऑक्टोबरात सत्याग्रही तुरुंगात गेले, तेव्हा निजामाला घालवा असे कोणी म्हणत नव्हते. त्याच्याच छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती आणि नागरी हक्क द्या, एवढेच मागणे होते. बोलू द्या, जमू द्या. तेही मिळेना, म्हणून पुढे राज्यावरच गदा आली. हा क्रम पोरांना सांगावा लागतो, कारण पाठ्यपुस्तकात तारखा असतात, क्रम हरवतो.

2. राज्य गेले म्हणजे सगळेच निर्धास्त झाले असे नाही. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी सुंदरलाल समितीने केली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने नांदेड आणि उस्मानाबाद नोंदवले; लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. झेंडावंदनाच्या भाषणात हे कोणी काढत नाही. काढायला हवे.

3. जुलै 1978. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि खेड्यापाड्यांत दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडले. वस्त्या पेटल्या तेव्हा निजामाचे राज्य जाऊन तीस वर्षे झाली होती. आता परवानगी गाव देत होते, नाकारतही होते.

4. आणि आता लातूर. नीटच्या क्लाससाठी जिल्ह्या-जिल्ह्यांतून मुले येतात, खोली करून राहतात. घर सुटलेले, खिशात मोबाईल, सांगणारे कोणी जवळ नाही. बाहेरून पाहिले तर पूर्ण मोकळी. पण डॉक्टर व्हायचे की नाही, हे त्यांना विचारलेले नसते. एका हुशार मुलीला इतिहास घ्यायचा होता. मी तिच्या वडिलांकडे विषय काढला. ते म्हणाले, "सर, तिला कशाची कमी हाय का?" कमी खरेच कशाची नव्हती.

अकरावीचा अर्ज भरण्याआधी लेकराला एकदा विचारा, आणि ते बोलेपर्यंत थांबा.