वेल माघारी आणू नये

माझं माहेर कराडकडचं, सासर जत तालुक्यातलं. मधे एक सांगली. नात्यागोत्यांबद्दल जे शिकले, ते या एसटीच्या रस्त्यावर.

1. माहेरी मामाची मुलगी हक्काची. आजीचा नवरा तिचा सख्खा आतेभाऊ. पण आत्याची मुलगी सून करायची म्हटलं, की तीच आजी कानांवर हात ठेवायची. "दिलेली वेल माघारी आणू नये." रक्ताचं अंतर दोन्हीकडे तेवढंच, हे मी बोटांवर मोजून दाखवलं. म्हणाली, "बोटं तुझी शिकलेली, वेल न्हाई."

2. आमच्याकडे मंगलाष्टकांना मामा नवरीच्या पाठीशी उभा असतो. जतला एका कन्नड घरच्या लग्नात मी मामाला शोधत होते. तो अंतरपाटापलीकडे होता, बाशिंग बांधून! मला पुढं जेवण जाईना. शेजारच्या बाईंना उलटंच नवल: "सख्खा मामा सोडून परक्याला देता?"

3. हे कोडं जुनंच. मामाची मुलगी करणं दक्षिणेत चालतं, इतरत्र केलं तर दोष, असं बौधायन धर्मसूत्र सांगतं. म्हणजे पाप गाव बघून लागतं. 1955 चा हिंदू विवाह कायदाही मामा-भाची, आते-मामे भावंडं निषिद्ध धरतो. दोन्ही पक्षांच्या रूढीत बसत असेल तर मात्र सूट.

4. देवक. माझ्या मैत्रिणीचं जमलेलं लग्न मोडलं, कारण दोघांचं देवक कळंबाचं. आडनावं वेगळी, गावं वेगळी, सात पिढ्यांत पाहुणेपणा नाही. तरी तो "भाऊ". मोडणाऱ्या काकांची बायको त्यांची मामेबहीण होती.

5. डॉक्टर देवक विचारत नाहीत. सख्ख्या आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा जनुकं सारखी, मामा-भाचीत चौथा. घरात थॅलेसेमिया असेल तर आधी रक्त तपासावं. एवढंच.

6. हे लिहायला जड जातं. चुलतभावाशी लग्नाचं नुसतं नाव काढलं तरी भावकी गोळा होते. पण एका घरात चुलत्यानं पुतणीला त्रास दिला, तेव्हा तीच भावकी म्हणाली, घरातलं घरात ठेवा. तेव्हापासून मी "आमच्यात चालत नाही" हे वाक्य ऐकलं, की काय चालत नाही ते नीट विचारते.

7. जतच्या त्या नवरीला पुढं ओळख झाल्यावर विचारलं, मामाच करायचा होता का? ती भाकरी थापता थापता हसली. "इचारलं कुणी?"

आजीला हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.