लोणारच्या गाळाला वास का येतो?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्का आदळून तयार झाले. त्याच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पाणी खारट, सोड्यासारखे. काठाच्या चिखलात काठी खुपसली की आतून काळाकुट्ट गाळ निघतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. हा वास कसला? तर गंधकापासून झालेल्या वायूचा!

तो होतो कसा ते पाहू. सरोवराच्या पाण्यात सल्फेट हा क्षार विरघळलेला असतो. त्यात गंधक असते. मेलेले शेवाळ आणि पालापाचोळा तळाशी बसून कुजतो. कुजताना तिथला प्राणवायू संपतो. मग प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. हा वायू गाळातल्या लोहाशी मिळाला की काळा पदार्थ बनतो. म्हणून गाळ काळा दिसतो.

असाच वायू संडासाच्या टाकीत आणि बंद गटारातही होतो. सरोवरावर तो वाऱ्याने पांगतो. पण टाकीत साठून राहतो, कारण तो हवेपेक्षा जड आहे. हा वायू विषारी आहे आणि फसवासुद्धा! फार झाला की नाकाला वास येईनासाच होतो. माणसाला वाटते, वास गेला, आता उतरायला हरकत नाही. आणि तिथेच घात होतो.

म्हणून मुलांनी आणि पालकांनीही लक्षात ठेवावे : टाकीत कोणी पडले तरी मागोमाग आत उतरू नये. आरडाओरडा करून माणसे जमवावीत आणि लगेच ११२ वर फोन करावा.