न्याय्य मोल : कायकाची कसोटी

सत्यशुद्ध मार्गाने केलेले काम ते कायक आणि त्यातून आलेले समाजाला अर्पण करणे तो दासोह. कायकच अशुद्ध असेल, तर त्यावर उभारलेला दासोह शुद्ध कसा होणार? आज ज्याला ‘फेअर ट्रेड’ म्हणजे न्याय्य व्यापार म्हणतात, त्याचा विचार या दृष्टीने करू.

नुलिय चंदय्या हे बाराव्या शतकातील शरण. गवताचे दोर वळून विकणे हे त्यांचे कायक. परंपरेने सांगितलेली त्यांची एक कथा आहे. लिंगदेवाने स्वतः दोर विकून आणले, तेव्हा दोराच्या मोलापेक्षा कितीतरी अधिक धन मिळाले. चंदय्यांनी ते नाकारले. येथे मर्म आहे. कमी दाम देणे ही कारागिराच्या श्रमाची चोरी. तर दयेपोटी दिलेले वाढीव धन म्हणजे मोलाच्या नावाखाली दिलेली भिक्षा. दोन्हींत कायकाचा मान जातो.

आता आपल्या ग्वाल्हेरकडे पाहू. येथील मराठी घरांत चंदेरी साडीचे अप्रूप जुने आहे. चंदेरी आज अशोकनगर जिल्ह्यात असली, तरी पूर्वी ती ग्वाल्हेर संस्थानातच होती. संस्थानाने १९१० मध्ये तेथे वस्त्रप्रशिक्षण केंद्र काढले. चंदेरी साडीला २००५ मध्ये, तर ग्वाल्हेरच्या हाती विणलेल्या गालिच्यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाने नावाचे रक्षण होते. विणकराच्या पदरात काय पडते, हे व्यापार करणाऱ्याच्या सचोटीवर ठरते.

समजा, एक साडी मागावरून उतरायला दहा दिवस लागले. मजुरी मागावर बसणाऱ्याच्याच नावे लागते. पण कांड्या भरणारी गृहिणी कोणत्या हिशेबात असते? तिचे श्रम धरले नाहीत, तर तो हिशेब खोटा ठरतो.

म्हणून असा व्यवसाय काढू इच्छिणाऱ्या तरुणांनी चार गोष्टी पाळाव्यात. सूत, जर, दिवस आणि घरातील साऱ्यांचे श्रम कारागिरासह बसून मोजावेत व मगच भाव ठरवावा. मागणी नोंदवताना कारागिराने मागितल्यास निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी. न्याय्य व्यापाराच्या जागतिक संघटनेचाही हस्तकलेसाठी हाच दंडक आहे. हातमागाच्या नावावर यंत्रमागाचे कापड विकू नये. आणि विक्री मंदावली म्हणून सांगून ठेवलेला माल नाकारू नये. व्यापारातील जोखीम व्यापाऱ्याने उचलावी.

हा विचार एका देशापुरता नाही. १९४६ मध्ये अमेरिकेतील एडना रूथ बायलर यांनी पोर्टो रिकोतील गरीब स्त्रियांचे भरतकाम विकत घेऊन आपल्या देशात विकण्यास आरंभ केला. त्यातूनच पुढे ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ ही संस्था उभी राहिली. दूरदेशीचा कारागीर असो वा चंदेरीचा, दोघांचे श्रम एकाच तराजूत तोलले पाहिजेत.

याची दुसरी बाजू ग्राहकाची. साडी घेताना आपण घासाघीस करतो. तेव्हा कमी झालेला रुपया शेवटी कोणाच्या ताटातून जातो? लग्नसराईच्या खरेदीला निघण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने या प्रश्नाचे चिंतन करावे. मोल चुकवून केलेल्या दानापेक्षा मोल पुरते देणे हाच पहिला दासोह होय.

शरणु शरणार्थी.