सातबाऱ्यावरून नाव उतरलं म्हणून

अगं बाई, सातबाऱ्यावरून बाबांचं नाव निघालं म्हणून एवढं खचायचं? तुझा फोन झाल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. उताऱ्यावर आईचं, दादाचं नि तुझं नाव चढलं, आणि तुला वाटलं, आपणच आपल्या हातानं बाबांना घराबाहेर काढलं. तू मला लहानपणापासून ताई म्हणतेस, म्हणून जरा कान उघडून ऐक.

वारसनोंद लावावीच लागते. मेलेल्या माणसाच्या नावावर पीककर्ज मिळत नाही, पीकविम्याचं नि अनुदानाचं घोडं अडतं, आणि दहा वर्षांनी वारसांचे वारस निघाले की तलाठ्याच्या दारात अख्खं गणगोत उभं राहतं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हे इतकं साचलं होतं की ‘जिवंत सातबारा’ मोहीम मार्च २०२५ मध्ये आधी इथंच सुरू झाली आणि मग एप्रिलपासून राज्यभर गेली. तेव्हा तुझ्यासारख्या कितीतरी लेकींनी तो नवा उतारा हातात धरून डोळे पुसले असतील. आणि एक सांगू? बाबांचं, म्हणजे आमच्या गुरुजींचं, नाव पुसलेलं नाही. फेरफाराच्या नोंदीत ते कायम आहे. खातेदार कोण, कधी वारले, वारस कोण, सगळं तिथं लिहिलेलं आहे. त्याची नक्कल काढून फाईलला लाव, जिवाला बरं वाटेल.

याच्याच पोटातली आणखी एक गोष्ट. तुझा दादा भला माणूस आहे, मी ओळखते त्याला. पण एखादे काका-मामा ‘बहिणीचं हक्कसोड करून घ्या रे’ म्हणत पुढं आले, तर लगेच सही करू नकोस. वडिलांच्या मिळकतीत लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे. केंद्रानं २००५ साली कायदा बदलला, महाराष्ट्रानं तर त्याआधीच, १९९४ साली, पाऊल टाकलं होतं. २००५ साली वडील हयात नव्हते म्हणून वडिलोपार्जित मिळकतीतला लेकीचा वाटा बुडत नाही, हेही सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय. द्यायचं असेल तर खुशाल दे भावाला, पण वर्षश्राद्ध झाल्यावर, मन ठिकाणावर असताना. रडत्या डोळ्यांनी केलेली सही पुढं दोघांनाही बोचते.

झालं कागदांचं. आता खरं दुखणं, तुझा लेक. ‘आबा कुठं गेले’ म्हणून तो विचारतो आणि तू ‘आकाशातला तारा झाले’ म्हणून सांगतेस. उल्का पडून तळं झालेल्या लोणारच्या पोराला असलं कधी सांगायचं असतं का गं? तो उद्या विचारेल, मग आबा खाली कधी पडणार, आणि केवढा खड्डा होणार! त्याला सरळ सांग की आबा वारले, आता परत येणार नाहीत, आणि ते कसे होते ते आपण रोज बोलू. पोरांना खरं पचतं, आपल्यालाच पचत नसतं.

आणि बोलायचं म्हणजे काय, ते तुला शिकवायला नको. गुरुजींसारखा आजोबा किती जणांना मिळतो? आमच्या वर्गाला ते तळ्यावर न्यायचे, तेव्हा खिशात दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक असायचं. काठच्या मातीतून ते हळूहळू ओढायचे, आणि बघता बघता चुंबकाला काळ्या बारीक कणांच्या मिशा फुटायच्या. आम्ही ‘उल्का, उल्का’ म्हणून ओरडलो की म्हणायचे, घाई करू नका, आपला काळा दगडसुद्धा लोखंडाचा अंश बाळगून असतो, सगळंच आभाळातून पडलेलं नसतं. मग ते कण एकेक करून कागदावर झटकायचे, पुडी बांधायचे आणि वर तारीख टाकायचे. तसल्या पुड्या तुमच्या फडताळात अजून असतील. ते चुंबक शोधून काढ. सुट्टी लागली की लेकाला घेऊन जा, दोरा त्याच्या हातात दे. आणि पुड्या बांधायचा हट्ट धरू नकोस, तळं आता अभयारण्यात आहे, माती तिथंच राहू दे.

तिथं बसून सांगायला विषय काय कमी आहेत? सासू-सुनेच्या विहिरीपाशी गुरुजी न चुकता थांबायचे. एकाच विहिरीत एका बाजूला गोड पाणी, दुसऱ्या बाजूला खारं, आणि गोड सासू की सून यावर तुझ्या आईशी त्यांची दरवेळी जुंपायची. मे महिन्यात काही दिवस दैत्यसूदनाच्या देवळातल्या मूर्तीवर सूर्यकिरण पडतात, ते बघायला ते नातवाला खांद्यावर बसवून न्यायचे. यंदा तू ने.

तळ्याचं वयही सांगून टाक. गुरुजींनी आम्हाला ५० हजार वर्षं शिकवलं, तेव्हा पुस्तकांत तेच होतं. पुढं खडकांचं नव्यानं वय काढलं, तर ते साधारण ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. लेकाला दोन्ही आकडे सांग. ‘आबा चुकले’ म्हणून तो टाळ्या पिटेल, पिटू दे. आकडा बदलल्याचं गुरुजींनाच सगळ्यात जास्त कौतुक वाटलं असतं. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा आठवतंय ना? अर्धं गाव चमत्कार म्हणत होतं आणि गुरुजी म्हणत होते, थांबा, पाणी तपासू द्या. पुण्याच्या आघारकर संस्थेनं खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचं सांगितलं, तेव्हा कात्रण कापून वहीत चिकटवलं आणि ती वही घेऊन दारोदार हिंडले. ती वही हार घातलेल्या फोटोमागं ठेवू नकोस, लेकाच्या दप्तराजवळ ठेव. फाटली तर फाटू दे.

मला एका गोष्टीची भीती वाटते. तू त्यांना देव करायला निघालीस. गुरुजी तापट होते, खडू फेकून मारायचे. साखरेचा आजार असताना शेगावची कचोरी नि जिलबी आईपासून लपवून खायचे. बारावीनंतर तुला शिकायला बाहेर पाठवलं नाही, ते तू अजून विसरली नाहीस, आणि विसरूही नकोस. त्यांचा राग आला तर येऊ दे, त्यानं प्रेम आटत नाही. नातवालाही हे सगळं कळू दे, पेलेल इतकं. नुसता चांगला आजोबा पोरांच्या ध्यानात राहत नाही. लपून जिलबी खाणारा राहतो.

अक्षय तृतीया येतेय. यंदा पहिल्यांदा त्यांच्या नावानं घागर भरशील, रस-पोळी, वडे, कढी सगळं होईलच. पानात एक कचोरीही ठेव. कुणी नाक मुरडलं तर सांग, ताईनं सांगितलंय.

त्यांच्या मोबाईलचं मात्र आळसावर टाकू नकोस. रिचार्ज थांबलं की काही महिन्यांनी नंबर बंद होतो आणि कंपनी तो दुसऱ्या कुणाला देते. त्याआधी बँकेत त्यांच्या नंबराच्या जागी आईचा नंबर लाव, आणि व्हॉट्सॲपवरचे त्यांचे आवाज, ते ‘जेवलीस का गं’ वाले, दोन ठिकाणी जपून ठेव. एक प्रत दादाकडेही दे.

आणि आई. सगळ्यांचं लक्ष गेलेल्या माणसाकडे असतं, मागं राहिलेलीकडे कुणी बघत नाही. गुरुजींची लग्नाआधीची गोष्ट, पहिल्या शाळेची गोष्ट, दुष्काळातली गोष्ट, ज्या तुला ठाऊक नाहीत त्या सगळ्या तिच्याकडे आहेत. ती भाजी निवडत असताना शेजारी बस, मोबाईल रेकॉर्डिंगला लाव आणि लेकाला प्रश्न विचारू दे; तुला ती रडून दाखवेल, नातवाला सांगेल. आणि आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज दिलास का ते मला आजच कळव. ते सुरू झालं की दर नोव्हेंबरात तिचा हयातीचा दाखला द्यावा लागतो. दादावर ढकलू नकोस, तूच तिला घेऊन जा.