खतावणी गेली, किर्द शाबूत आहे

भोरच्या पतसंस्थेत किंवा वेल्ह्याकडच्या दूध संकलन केंद्रात आता सगळं संगणकावर असलं, तरी जुन्या कारकुनाला किर्द आणि खतावणी सांगावी लागत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्येही तीच जोडी आहे: डेटा फाइल ही खतावणी, ट्रान्झॅक्शन लॉग ही किर्द. पावसाळ्यात लाइटच्या खेळात डेटाची डिस्क बसली आणि लॉग दुसऱ्या डिस्कवर वाचला, तर खतावणी पुन्हा लिहिता येते. आरंभीची शिल्लक मात्र हवी, म्हणजे एक पूर्ण बॅकअप. शिवाय त्यानंतरच्या किर्दीचं एकही पान गहाळ झालेलं चालत नाही.

आधी हात आवरा. डेटाबेस ‘सस्पेक्ट’ किंवा ‘रिकव्हरी पेंडिंग’ दिसला की लोक घाबरून तो डिटॅच करतात, लॉगची फाइल पुसतात. खरं नुकसान बहुतेकदा इथेच होतं.

शेवटच्या लॉग बॅकअपनंतरच्या नोंदी अजून फक्त त्या फाइलमध्येच आहेत. म्हणून पहिलं काम त्या उतरवून घेण्याचं: ‘बॅकअप लॉग’ हा आदेश ‘नो ट्रंकेट’ लावून द्या. डेटा फाइल जागेवर नसली तरी तो सहसा चालतो. मग नव्या डिस्कवर पूर्ण बॅकअप ‘नो रिकव्हरी’ लावून रिस्टोअर करा. त्यावर लॉगचे बॅकअप क्रमाने, तसेच ‘नो रिकव्हरी’ लावून चढवा. आत्ता उतरवलेला सर्वांत शेवटी, तेवढा ‘रिकव्हरी’ने. घाईत मध्येच ‘रिकव्हरी’ दिलंत, तर पुन्हा पहिल्यापासून. लाइट गेली तेव्हा अर्धवट राहिलेला व्यवहार सर्व्हर स्वतःच मागे घेतो. कुणी चुकून खाती पुसली असतील, तर ‘स्टॉप ॲट’ने त्याआधीच्या मिनिटाला थांबता येतं.

नंतर ‘डीबीसीसी चेकडीबी’ चालवा, तेरीज काढून रोख शिल्लक हातातल्या पावत्यांशी जुळवा, नवा पूर्ण बॅकअप घ्या आणि मगच खिडकी उघडा.

खोच एकच. फुकटच्या एक्सप्रेस आवृत्तीत नवा डेटाबेस सहसा ‘सिंपल’ रिकव्हरीत असतो. तिथे जुनी पानं पुसून त्यांवरच लिहिलं जातं आणि लॉगचा बॅकअप घेताच येत नाही. आजच बघा, ‘फुल’ करा आणि लगेच एक पूर्ण बॅकअप घ्या, नाहीतर साखळी सुरूच होत नाही. एक्सप्रेसमध्ये एजंट नसतो, त्यामुळे दर पंधरा मिनिटांचा लॉग बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरवर लावा, तोही वेगळ्या डिस्कवर.